माँटेसरीतलं तिसरं वर्ष पूर्ण करावं की सीनियर केजीला हलवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी येत्या ऑगस्टमध्ये पाच पूर्ण करेल. मराठी माध्यमाच्या माँटेसरी बालघरात, म्हणजे तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत तीन वर्षं काढतात अशा वर्गात, तिची दोन वर्षं झाली. जवळच्या शाळेत सीनियर केजीला जागा मिळतेय आणि तिच्या बरोबरीची निम्मी मुलं जूनपासून तिथं चालली आहेत. बालघरात वही नाही, गृहपाठ नाही. आज काय केलं विचारलं तर उत्तर येतं, ‘मणी मोजले, पाणी ओतलं, छोट्या बाळाला बटणं लावून दाखवली.’ तिथंच ठेवलं तर पहिलीत मागे पडेल का, ही तुमची काळजी.

तुम्ही ‘निम्मी मुलं चालली आहेत’ हे वाक्य जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पोस्टमधलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. माँटेसरी चांगली की सीनियर केजी चांगलं, हा वाद इथं कामाचा नाही. येत्या जूनपासून बालघराच्या वर्गात तिसरं वर्ष खरोखर भरणार आहे का, की तुमची मुलगी दुसरंच वर्ष पुन्हा करणार आहे, हे तपासायला हवं. कारण तिसऱ्या वर्षाचं बरंचसं काम एकट्या मुलाला करताच येत नाही.

सोनेरी मण्यांचं साहित्य घ्या. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवले की दशकाची काडी. अशा दहा काड्यांचा शतकाचा चौकोन, आणि दहा चौकोन एकावर एक रचावेत एवढा हजाराचा घन, जो उचलायला मूल दोन्ही हात पुढे करतं. साडेचार वर्षांपर्यंत मूल हे सगळं हाताळतं, ताईनं मागितलेली संख्या तबकात भरून आणतं. ती तुमची मुलगी करत असेलच. ‘मणी मोजले’ म्हणते ते हेच असावं. त्यापुढची पायरी बेरजेची, आणि तिला किमान तीन मुलं लागतात. एक जण तबकात २,४६७ आणतो, दुसरा १,३८५ आणतो, तिसरा बँक, म्हणजे बदलीसाठी ठेवलेला मण्या-काड्यांचा साठा, सांभाळतो. चटईवर दोन्ही तबकं रिकामी करून सगळं एकत्र केलं जातं आणि मोजणी एककापासून सुरू होते. सुटे मणी बारा निघतात. दहा मणी बँकेत द्यायचे, एक काडी घ्यायची, दोन मणी उरतात. काड्या सहा आणि आठ चौदा, वर ही आलेली एक, म्हणजे पंधरा. त्यातल्या दहा परत बँकेत, बदल्यात एक चौकोन. शेवटी अंकांची कार्डं लावतात: एकक हिरवं, दशक निळं, शतक लाल, हजार पुन्हा हिरवं. कार्डं एकमेकांवर सरकवली की शून्यं झाकली जातात आणि ३,८५२ वाचता येतं.

यात चुका हमखास होतात. कुणी नऊ मण्यांवरच बदली मागतं, कुणी बँकेतून काडी आणतं पण दहा मणी द्यायलाच विसरतं. मग उत्तर जुळत नाही. ‘तू नीट मोजलंच नाहीस’ इथून भांडण सुरू होतं, सगळं पुन्हा मोजलं जातं, आणि हातचा म्हणजे काय हे त्या भांडणात कळतं. मुलं कमी पडली म्हणून ताई बँकेत बसली, की मुलं प्रत्येक बदलीला तिच्या तोंडाकडे बघतात आणि तिच्या चेहऱ्यावरून चूक-बरोबर ओळखतात. बेरीज होते, पण मुलांनी ती शोधलेली नसते.

म्हणून माझा पहिला प्रश्न: जूनमध्ये त्या वर्गात पाच वर्षांवरची किती मुलं उरणार आहेत? पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात सहा-सात असतील तर काम चालतं. दोन-तीनच असतील तर ताई कितीही चांगली असो, वर्षाचा अर्धा जीव गेलेला असतो. अशा वेळी मीसुद्धा पालकांना ‘न्या’ असंच सांगते.

गट पुरेसा असेल तर पुढचं चित्र असं असतं. मण्यांच्या बँकेनंतर येतो टिकल्यांचा खेळ. चौकोनी लाकडी टिकल्या, त्यांवर १, १०, १००, १००० असे अंक आणि रंग कार्डांचेच. इथं हजाराची टिकली एककाएवढीच लहान असते. किंमत आता आकारमानात दिसत नाही, अंकात आणि रंगात वाचावी लागते. हा खेळ मूल एकटं खेळतं आणि चौकटीच्या कागदावर उदाहरण उतरवतं. बेरीज, वजाबाकी, मग गुणाकार आणि वाटणी. याच्याच जोडीला पट्ट्यांचा बेरीज फलक असतो, ज्यावर आठ अधिक सात पंधरा होतात हे पुन्हा पुन्हा पट्ट्या ठेवून पक्कं होतं. पुढे शंभर मण्यांची आणि हजार मण्यांची साखळी. हजाराची साखळी पसरायला खोली पुरत नाही, व्हरांडा लागतो, आणि एकेका मण्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत पोचायला काही मुलं दोन-दोन दिवस घेतात. साखळी मध्येच गुंडाळून ठेवायला लावणाऱ्या वर्गापासून सावध राहा.

मराठी मुलांची गाडी एका ठिकाणी नक्की अडखळते. अकरा ते नव्व्याण्णव शिकवण्यासाठी सेगॅनचे फलक, म्हणजे दशकं छापलेल्या लाकडी पाट्या, वापरतात. त्यावर २० छापलेलं असतं, त्याच्या शून्यावर ९ ची पाटी सरकवायची. डोळ्यांना दिसतं वीस आणि नऊ, कानाला ऐकू येतं ‘एकोणतीस’. मुलाला वाटतं हे तिशीतलं, आणि ते ३९ दाखवतं. पुढे एकोणनव्वदपर्यंत हीच गत, आणि ९९ ला मात्र नियम पुन्हा बदलतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी रचना आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. अडचण खरी होती म्हणूनच तो प्रयोग झाला. आमच्या वर्गात आधी ‘दोन दशक नऊ’ असं काही आठवडे म्हणून घेतो, हातात दोन काड्या आणि नऊ मणी असतानाच, आणि मग रूढ नाव देतो. तेव्हा तुमच्या मुलीला हजारांची बेरीज येते पण ४९ आणि ५९ मध्ये ती गोंधळते, असं दिसलं तर घाबरू नका. संकल्पना पक्की आहे, नावं बसायची आहेत.

भाषेत फरक याहून ठळक दिसतो. दुसऱ्या वर्षात मूल खरखरीत अक्षरांवर दोन बोटं फिरवतं आणि आवाज शिकतं. सुट्या अक्षरांच्या पेटीतून नळ, घर, मगर, कमळ असे बिनमात्रांचे शब्द चटईवर मांडतं. तिसऱ्या वर्षात काना-मात्रा-वेलांट्या येतात आणि मूल मनातलं मांडू लागतं: ‘आजि आलि’, ‘मला पाणि हवं’. पालकांना हे दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. त्या क्षणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचं नाही. मूल आवाज तोडून मांडायचं अवघड काम करत असतं, त्यात दुसरं काम घुसवलं तर ते आपल्याला येतील तेवढेच शब्द मांडायला लागतं आणि मांडणी आटते. शुद्धलेखन नंतर वाचनातून येतं.

पहिल्या वेलांटीची चूक तर समजून घेण्यासारखी आहे. ‘दिवा’ मांडताना मूल आधी द ठेवतं आणि मग त्याच्या उजवीकडे वेलांटी. कानाला आधी द् ऐकू येतो आणि मग इ, म्हणून. लिहिताना मात्र ती डावीकडून येते. म्हणजे मूल बरोबर ऐकतंय. ताईनं ‘चूक’ न म्हणता वेलांटी उचलून डावीकडे ठेवायची, शब्द वाचायचा, पुढे जायचं. तसंच ब-व, घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवल्या तर घोळ महिनोन्महिने टिकतो. दोघांत काही आठवड्यांचं अंतर हवं. जोडाक्षरं मी शेवटच्या तीन-चार महिन्यांत आणते, तीही वाचनापुरती. ‘चष्मा’, ‘पक्का’ वाचता आलं तरी पुष्कळ. लिहायला पहिली आहे.

वाचन आलं की नाही हे तपासायचं असेल तर पाठ झालेल्या पुस्तकाचा उपयोग नाही. आज्ञा-चिठ्ठ्यांचा आहे. मूल चिठ्ठी उलगडतं, मनात वाचतं आणि तसं करतं. सुरुवातीला ‘दार लाव.’ वर्षाअखेर ‘निळी खुर्ची उचलून खिडकीजवळ ठेव आणि तिच्यावर बस.’ चिठ्ठीत न लिहिलेलं काही केलं तर अंदाज चाललाय. लिहिलेलंच, त्याच क्रमानं केलं तर मूल वाचतंय. याच सुमारास व्याकरणाच्या खुणा येतात, नामाच्या वर काळा त्रिकोण, क्रियापदाच्या वर लाल वर्तुळ, आणि मुलांना त्या खेळासारख्या वाटतात.

वही नाही ही तुमची तक्रार अर्धी बरोबर आहे. हात मात्र दोन वर्षं तयार होत असतो. लाकडी ठोकळ्यात बसणाऱ्या नळकांड्यांच्या छोट्या मुठी तीन बोटांत धरणं ही पेन्सिलीचीच पकड. त्यानंतर धातूच्या आकृत्या: दहा आकार, गुलाबी चौकट, निळी आकृती. आकृतीची कड गिरवायची आणि आतली जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर रेषांनी भरायची. रेषा आधी विरळ आणि थरथरत्या, मग दाट, शेवटी एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा. रेषा कडेच्या आत थांबतात, दाब सारखा पडतो, तेव्हा हात अक्षराला तयार झाला. हे कागद साठवून तारखेनं लावलेले असले तर तुम्हाला वर्षाची प्रगती कुठल्याही प्रगतिपुस्तकापेक्षा स्पष्ट दिसेल. बालघराकडे मागून बघा.

आता जिथं माँटेसरीतली मुलं खरोखर कमी पडतात ते सांगते, कारण शाळा हे सांगत नाहीत. फळ्यावरून वहीत उतरवून घेणं त्यांना जमत नाही. उभ्या फळ्यावर बघायचं, अक्षर लक्षात ठेवायचं, मान खाली घालून आडव्या वहीत योग्य ओळीवर लिहायचं, पुन्हा वर बघून तीच जागा शोधायची. हे वेगळं कौशल्य आहे आणि बुद्धीशी त्याचा फारसा संबंध नाही. दुसरं, दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळेत थांबणं. तास वाजला, पुस्तक मिटा, ही सवयच नसते. तिसरं, चाळीस जणांत हात वर करून आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं. या तिन्हींसाठी फेब्रुवारी ते एप्रिल एवढे आठवडे पुरतात. आधी छोट्या हातफळ्यावर खडूनं, मग चौकटीच्या आणि दुरेघी वहीत, रोज पंधरा-वीस मिनिटं. आधी एकेक अक्षर, मग शब्द, मग दोन शब्दांचं वाक्य. बालघर हे करत नसेल तर घरी करता येतं. मात्र जूनपासूनच वही सुरू करा असा आग्रह धरू नका. तो आग्रह दहा पालकांनी धरला की ताई मण्यांची चटई गुंडाळते आणि कार्यपत्रिका वाटते. मग तुमच्याकडे ना धड माँटेसरी राहते ना धड केजी.

मोठी मुलं छोट्यांना शिकवतात, याचं फार कौतुक होतं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. बटणांची चौकट कशी वापरायची हे तीन वर्षांच्या मुलाला दाखवताना पाच वर्षांची मुलगी आपल्या हालचाली संथ करते, मधले शब्द गाळते, कृती पायऱ्यांत तोडते. दोन वर्षं वर्गातली धाकटी राहिल्यावर थोरली होणं तिला मानवतं. पण याचाही गैरफायदा घेतला जातो. मदतनीस बाई सुट्टीवर आणि पाच वर्षांची मुलं सकाळभर धाकट्यांची नाकं पुसताहेत, असे वर्ग आहेत. सकाळच्या वेळातला थोडा भाग धाकट्यांसाठी ठीक. निम्म्याहून जास्त जात असेल तर मूल स्वतःचं कठीण काम टाळतंय किंवा त्याला कठीण काम कुणी देतच नाहीये.

तिसऱ्या वर्षातलं सगळ्यांत सामान्य दुखणं हेच. मूल सराईत झालेलं असतं, फळीवरून जुनं सोपं साहित्य उचलतं, तासभर शांत बसतं, आणि शांत आहे म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यात दोन-तीन नवी सादरीकरणं, म्हणजे ताईनं नवं काम करून दाखवणं, मिळायला हवीत. ‘बाई, तिला शेवटचं नवीन काय दाखवलंत आणि कधी?’ एवढा एकच प्रश्न विचारा. नोंदवही उघडून उत्तर आलं तर चांगलं. ‘ती खूप हुशार आहे हो’ असं उत्तर आलं तर काळजी करा.

दुसरं दुखणं वेळापत्रकाचं. पद्धतीला सलग तीन तास लागतात. त्यात साधारण पहिल्या तासानंतर वर्गात गलका होतो, मुलं उगाच भटकतात, आणि नवख्या ताईला वाटतं की मुलं दमली. मारिया माँटेसरी यांनी या अवस्थेला खोटा थकवा म्हटलं आहे. ताईनं धीर धरला तर मुलं पुन्हा फळीकडे जातात आणि दिवसातलं सगळ्यांत जड काम तेव्हा निवडतात. पण नेमक्या त्याच वेळी डबा, मग नाच, मग संगणक असे तुकडे पाडले तर ते जड काम कधीच होत नाही. साडेनऊ ते साडेबारात तीन घंटा वाजत असतील तर तिसऱ्या वर्षाच्या नावाखाली फक्त फी भरली जाते.

साहित्याच्या चकाकीवर मात्र जाऊ नका. १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालघर निघालं, आणि आपल्याकडे बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच विचार परिसरातल्या बिया, शिंपल्या, काड्यांवर उतरवले. पाटीवर माँटेसरी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि महागडं लाकूड विकतही मिळतं. तीन ते सहाची मुलं एका खोलीत आहेत का आणि सलग वेळ आहे का, हे दोन निकष पुरतात.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आता. राज्याच्या नियमानुसार पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. तुमची मुलगी पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सहाची होईल, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये ती पहिलीत बसते. केंद्रीय विद्यालयासारखी ३१ मार्चची अट असेल तर मात्र बसत नाही, आणि तिला आणखी एक वर्ष मिळतं. मग तिसरं वर्ष सोडण्याची घाई कशासाठी? खरी अडचण जागांची आहे. शहरातल्या बऱ्याच शाळा नर्सरीत किंवा ज्युनियर केजीत तुकड्या भरतात आणि पहिलीत नव्या जागा जेमतेम निघतात. तुम्हाला हवी असलेली शाळा पहिलीत बाहेरचं मूल घेतच नसेल आणि दुसरा पर्याय मनाला पटत नसेल, तर सीनियर केजी घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. चांगल्या सीनियर केजीतही मूल वाचायला शिकतं. तिथं बेरीज दोन अंकांपुरती राहील, लेखन जास्त होईल, आणि निवड कमी. त्यानं कुणाचं नुकसान झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. नुकसान होतं ते जूनमध्ये केजी, दिवाळीनंतर परत बालघर, अशा धरसोडीनं.

मुलीच्या बाजूनं एक गोष्ट बघा. दोन वर्षांनंतरही खरखरीत अक्षरांतली निम्मी ओळखू येत नसतील, किंवा ती वस्तू डोळ्यांच्या फार जवळ धरत असेल, हाक मारल्यावर नेहमी दोनदा मारावी लागत असेल, तर शाळा बदलण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. इथं पद्धतीला दोष देण्यात वेळ जातो.

निर्णयाआधी एक सकाळ वर्गात बसायची परवानगी मागा. किमान दीड तास, कोपऱ्यातल्या खुर्चीवर, कुणाशी न बोलता. आपल्या मुलीकडे कमी आणि वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या मुलांकडे जास्त बघा, कारण पुढच्या वर्षी ती त्यांच्या जागी असेल. त्यांच्या चटईवर काय आहे? चार अंकी संख्या, शब्दांच्या ओळी, नकाशाचे तुकडे असं काही आहे, की तीच गुलाबी मनोऱ्याची, म्हणजे धाकट्यांच्या ठोकळ्यांची, रचना? अडल्यावर ती आधी शेजाऱ्याला विचारतात की थेट ताईला? काम संपल्यावर साहित्य जागेवर ठेवून स्वतः पुढचं उचलतात का? परवानगीच नाकारली, तर तेही एक उत्तर समजा.

घरी माँटेसरी साहित्य विकत आणू नका. वर्गातलं घरी मिळालं की वर्गातली गोडी जाते. वाटाणे सोलणं, भाजी निवडणं, आठवड्याच्या किराणा यादीतली चार नावं तिच्याकडून लिहून घेणं, दुकानात सुटे पैसे मोजून द्यायला लावणं, एवढं भरपूर झालं.

आणि ठेवायचं ठरलं तरी पहिलीच्या शाळेचं काम पुढच्या वर्षावर टाकू नका. बऱ्याच शाळांचे पहिलीचे फॉर्म दिवाळीच्या आसपास निघतात आणि जानेवारीत चौकशी करणाऱ्यांना यादी भरली असं ऐकावं लागतं. दोन-तीन शाळांत आत्ताच फोन करून तीन गोष्टी विचारा: पहिलीत बाहेरच्या मुलांना घेता का, फॉर्म कधी, आणि सीनियर केजीचा दाखला मागता की वयाचा दाखला पुरतो. बालघराकडून उपस्थितीचं पत्र मिळेल का, तेही याच महिन्यात विचारून ठेवा.